जाहिरात हाच माल : इंग्लंडमधल्या जुन्या छापखान्यांच्या मागावर

शिंप्याची जाहिरात छापखानदार छापतो, मिठाईवाल्याचीही तोच छापतो. स्वतःची जाहिरात करायची वेळ आली की मात्र त्याला आडोसा उरत नाही. ‘आमच्याकडे सुबक छपाई करून मिळेल’ ही ओळच सुबक छापलेली नसेल, तर गिऱ्हाईक दारातूनच परत फिरतं. नाशिकला मी सारं आयुष्य जॉबवर्क केलं. आधी ट्रेडलवर, म्हणजे पायाने चालवायच्या छपाईयंत्रावर, लग्नपत्रिका, बिलबुकं, हँडबिलं, मग ऑफसेट. त्यामुळे राणी व्हिक्टोरियाच्या काळातले, म्हणजे १८३७ ते १९०१ मधले इंग्लंडचे मुद्रक आपली कारागिरी गिऱ्हाइकापुढे कशी मांडत, हे डोळ्यांनी पाहायची फार वर्षांची इच्छा होती. लेक रेडिंगला राहते. मे महिन्यात तिच्याकडे गेलो तेव्हा एक आठवडा या कामासाठी बाजूला काढला. व्हिसा, विमान, जेटलॅग वगैरे सगळ्यांना माहीत आहे, ते सोडून देतो.

सोमवार : फ्लीट स्ट्रीट

रेडिंगहून पॅडिंग्टन अर्ध्या तासावर, तिथून फॅरिंग्डन, पुढे चालत. ऊन होतं, पण वारा इतका गार की सौ.ने शाल डोक्यावरून घेतली. विंकिन द वर्ड याने १५०० च्या सुमारास या भागात आपला छापखाना आणला, आणि त्यानंतर जवळजवळ पाचशे वर्षं फ्लीट स्ट्रीट म्हणजे छपाई हे समीकरण राहिलं. आता वर्तमानपत्रं गेली, कॉफीची दुकानं आली. पण सेंट ब्राइड चर्चचा थरांवर थर चढत जाणारा मनोरा दिसला की त्याच्या मागच्या गल्लीत, ब्राइड लेनमध्ये वळायचं. तिथे सेंट ब्राइड लायब्ररी आहे.

ही लायब्ररी १८९५ साली सुरू झाली. तिचा गाभा म्हणजे विल्यम ब्लेड्स या मुद्रकाचा खासगी संग्रह. ब्लेड्स स्वतः छापखाना चालवायचा. इंग्लंडचा पहिला मुद्रक विल्यम कॅक्स्टन याचं चरित्र त्याने कॅक्स्टनच्या पुस्तकांतल्या खिळ्यांचे, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांचे, घाट तपासत तपासत लिहिलं. पुस्तक वाचणारे पुष्कळ असतात, पण पुस्तकातला खिळा वाचणारा माणूस मला जवळचा वाटतो.

ग्रंथपाल बाईंनी आधी साध्या गोष्टी काढून दिल्या. नाटकांच्या, लिलावांच्या, बेपत्ता घोड्यांच्या जाहिराती. त्यांनी बोट ठेवलं ते तळाच्या ओळीवर. १७९९ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये छापील मजकुराखाली मुद्रकाचं नाव-पत्ता घालणं सक्तीचं झालं. सरकारविरोधी पत्रकं कुठून निघतात ते शोधता यावं हा त्यामागचा हेतू. आपल्याकडेही १८६७ च्या कायद्यात हीच सक्ती होती आणि ‘मुद्रक व प्रकाशक’ ही ओळ पुस्तकांवर कायमची बसली. पण हुशार मुद्रकांनी या सक्तीचं सोनं केलं. गिऱ्हाइकाच्या खर्चाने, गिऱ्हाइकाच्याच कागदावर आपलं नाव गावभर चिकटतंय म्हटल्यावर ती ओळ नीट दिसेल अशी बसवायची, एखादा वेगळा खिळा वापरायचा, ‘स्टीम प्रेस’ असं जोडायचं. वाफेचं यंत्र म्हणजे वेग आणि ऐपत, दोन्हींची ग्वाही. बाकी मजकूर आपल्या ओळखीचाच : सर्व प्रकारची छपाई, सुबक, वेळेवर, वाजवी दरात. हे इंग्लंडच्या प्रत्येक गावातला प्रत्येक मुद्रक म्हणत होता. सगळेच म्हणतात त्यावर गिऱ्हाईक विश्वास ठेवत नाही, त्यामुळे खरी चढाओढ मजकुराबाहेर, मांडणीत लागली.

मग आलं ते ज्यासाठी मी इथवर आलो होतो : ‘प्रिंटर्स इंटरनॅशनल स्पेसिमेन एक्स्चेंज’चा एक जाड खंड. कल्पना चेल्टनहॅमच्या टॉमस हेलिंग या मुद्रकाची, आणि ती उचलून धरली लंडनच्या फील्ड अँड ट्युअर कंपनीतल्या अँड्र्यू ट्युअर याने. १८८० साली पहिला खंड निघाला. रीत अशी की, भाग घेणाऱ्या प्रत्येक मुद्रकाने आपल्या उत्तम कामाचा एक नमुना ठरलेल्या संख्येने छापून पाठवायचा. सगळ्यांचे नमुने एकत्र करून प्रत्येकाला एकेक पूर्ण संच परत मिळायचा. इंग्लंडबरोबर अमेरिका, जर्मनीतूनही कागद येत. ट्युअर त्यावर शेरेही लिहायचा. पुढे हे काम लेस्टरच्या रेथबी, लॉरेन्स कंपनीकडे गेलं आणि १८९८ पर्यंत एकूण १६ खंड झाले.

पान उलटलं आणि मी बराच वेळ पुढे गेलोच नाही. एका छापखान्याचं नुसतं नावाचं पान. पितळी रूल वाकवून त्याच्या वेली केलेल्या, कोपऱ्यात पंखा, मागे फिकट रंगाचा ठोकळा, त्यावर सोनेरी, तपकिरी, निळा. ज्याने ट्रेडलवर काम केलंय त्याला कळेल की यातला प्रत्येक रंग म्हणजे कागद पुन्हा मशीनवर चढवणं. पाच रंग म्हणजे पाच वेळा, आणि प्रत्येक वेळी रजिस्टर, म्हणजे रंगावर रंग बसण्याची जागा, केसभरही हलता कामा नये. भिंग लावून पाहिलं. एकाही ठिकाणी रंग रेषेबाहेर गेलेला नाही. सरळ पितळी पट्टी तापवून, वाकवून, खिळ्यांच्या मध्ये अशी बसवायची की आवळल्यावर फर्मा, म्हणजे जुळवलेलं पान, सुटणार नाही, हे काम किती कठीण आहे ते सांगायला मला शब्द पुरत नाहीत.

या शैलीला तेव्हा ‘आर्टिस्टिक प्रिंटिंग’ म्हणत. पुढे १८९१ मध्ये विल्यम मॉरिसने केल्म्सकॉट प्रेस काढला, अभिरुची बदलली, आणि ही वळणदार कामं थिल्लर ठरवली गेली. मला ते पटत नाही. मॉरिसची पुस्तकं थोर आहेत, पण ती शांतपणे, पैशाची घाई नसताना केलेली. हे कागद मात्र दिवसभर बिलं आणि दरपत्रकं छापणाऱ्या जुळाऱ्यांनी, म्हणजे खिळे जुळवणाऱ्या कामगारांनी, केलेले आहेत. आणि एक गोष्ट तर मला फारच मोठी वाटते. इथे जाहिरात गिऱ्हाइकासाठी राहिलीच नाही, मुद्रक मुद्रकाला काम दाखवत होता. गिऱ्हाइकाला सोनेरी शाईने दिपवता येतं. दुसऱ्या मुद्रकाला फसवता येत नाही.

सूचना : लायब्ररीत ईमेलने वेळ ठरवूनच जावं, वाचनकक्ष रोज उघडा नसतो. पेन चालत नाही, पेन्सिल न्यावी. खंड जड असतात, त्यामुळे एका बैठकीत एखाद-दुसराच नीट पाहून होतो.

मंगळवार : माउंट प्लेझंट आणि ब्रिटिश लायब्ररी

पोस्टल म्युझियमचं तिकीट काढलं की जमिनीखालच्या जुन्या टपालगाडीची फेरीही मिळते. सौ. त्या छोट्या गाडीवर खूश, मी १८४० च्या ‘पेनी ब्लॅक’ या जगातल्या पहिल्या टपालतिकिटाच्या अखंड तावासमोर खिळलेला. २४० तिकिटं, प्रत्येकावर तरुण राणीचा चेहरा.

ही तिकिटं पर्किन्स, बेकन अँड पेच कंपनीने छापली. त्यांचा कारखाना ६९, फ्लीट स्ट्रीटला होता. त्यांच्या धंद्यात सुबकपणापेक्षा मोठी गोष्ट विकायची होती : नक्कल होणार नाही याची हमी. राणीच्या चेहऱ्यामागे जे बारीक जाळं दिसतं ते यंत्राने कोरलेलं आहे. चाकांच्या फिरण्यातून उमटणारी अशी नक्षी हाताने हुबेहूब कोरता येत नाही. तिचे नमुने दाखवूनच अशा कंपन्या बँकांची कामं मिळवत. कागदावरचा नमुना हाच पुरावा. तुमच्या कारागिराकडून हे करून घेऊन बघा, असं आव्हान त्यात असायचं.

पुढे टपालतिकिटांचं काम डी ला रू कंपनीने खेचून घेतलं, आणि तेही वेगळ्याच गुणाच्या जोरावर. त्यांच्या शाया कच्च्या होत्या, मुद्दाम कच्च्या! शिक्का धुऊन तिकीट पुन्हा वापरायला गेलं की रंगच उतरून जायचा. छपाईची शाई पक्की हवी हा आमचा पहिला धडा. इथे कच्ची शाई हीच गुणवत्ता ठरली. १८५५ पासून हिंदुस्थानची तिकिटंही हीच कंपनी छापू लागली आणि ते काम सुटलं ते आमच्या नाशिकमुळे. इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ साली नाशिकरोडला उभा राहिला आणि तिकिटं इथे छापली जाऊ लागली. नाशिकरोडला रिक्षावाल्याला नुसतं ‘प्रेस’ म्हटलं तरी पुरतं. त्या प्रेसची मुळं लंडनच्या काचेच्या पेटीत अशी सापडताना ऊर भरून आला.

दुपारचं जेवण लेदर लेनवर. कार्यालयांच्या जेवणाच्या सुट्टीत गल्लीभर खाण्याच्या गाड्या लागतात. गरम फलाफल, लोणच्याचे मुळे, लिंबू पिळलेली ताहिनी. थंडीत उभ्याने खाल्लं आणि अंगात ऊब आली. पैसे बहुतेक कार्डानेच घेतात.

ब्रिटिश लायब्ररीत एकच पुस्तक मागवलं होतं. संस्कृतचे पंडित मोनियर विल्यम्स यांनी केलेलं शाकुंतलाचं इंग्रजी भाषांतर, १८५५. छापणारा आणि प्रकाशकही एकच, हर्टफर्डचा स्टीफन ऑस्टिन. हर्टफर्ड लहान गाव, पण शेजारीच हेलीबरीला ईस्ट इंडिया कंपनीचं कॉलेज होतं. हिंदुस्थानात येणारे मुलकी अधिकारी तिथे तयार होत आणि त्यांना लागणाऱ्या पौर्वात्य भाषांची छपाई ऑस्टिन करायचा. या शाकुंतलाच्या पानापानाला वेलबुट्टीची चौकट आहे, जुन्या हस्तलिखितांच्या धर्तीची. भाषांतरकाराचा मोठेपणा आहेच, पण मी हे पुस्तक मुद्रकाची जाहिरात म्हणून पाहिलं. लंडनच्या बड्या छापखान्यांना गावातल्या मुद्रकाने दिलेलं उत्तर आहे ते, आणि ते त्याने कालिदासाच्या हाताने दिलं.

आपल्याकडे त्याच सुमारास मुंबईत गणपत कृष्णाजींचा छापखाना जोरात होता. १८३१ साली त्यांनी शिळाप्रेसवर, म्हणजे दगडावरून छापणाऱ्या यंत्रावर, पंचांग छापायला घेतलं. पुढे जावजी दादाजींनी १८६४ मध्ये खिळ्यांची फाउंड्री आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. निर्णयसागरच्या संस्कृत पोथ्या हीच त्या छापखान्याची जाहिरात होती. ‘निर्णयसागरी खिळे’ म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नसे.

बुधवार : साउथ केन्सिंग्टन

सकाळपासून पाऊस. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम ही १८५१ च्या महाप्रदर्शनाची देणगी. हाइड पार्कमधल्या काचेच्या महालात भरलेल्या त्या प्रदर्शनाला साठ लाखांवर लोक आले. डी ला रू कंपनीचं आपोआप पाकिटं दुमडणारं यंत्र तिथे गर्दी खेचत होतं आणि ऍपलगाथचं उभ्या सिलिंडरचं यंत्र लोकांसमोर चित्रमय साप्ताहिक छापत होतं. कारखानाच प्रदर्शनात आणून ठेवायचा, ही नवी जाहिरात होती. शिवाय पदकं. पदक एकदा मिळालं की दोन्ही बाजूंची चित्रं बिलावर, कार्डावर, दारावरच्या पाटीवर.

अभ्यासिकेत जॉर्ज बॅक्स्टरची रंगीत चित्रं पाहिली. बॅक्स्टर लुइस गावचा, १८३५ मध्ये त्याने रंगीत छपाईचं पेटंट घेतलं. आधी पोलादी पत्र्यावरची मूळ रेखा, मग तेलाच्या शाईत लाकडी ठोकळे, एकामागून एक, कधी वीसपर्यंत. मखमलीवरची सावली, गालावरची लाली, सगळं ठोकळ्यातून. चित्राखाली नाव, ‘पेटंटी’ ही पदवी आणि ११, नॉर्थॅम्प्टन स्क्वेअर हा पत्ता. काही चित्रांच्या पुठ्ठ्यावर उठावाचा शिक्काही असतो. पेटंट हा शब्दच त्याची जाहिरात होती. १८४९ नंतर त्याने इतरांना परवाने विकले आणि तेही आपल्या कामावर परवानाधारक म्हणून मिरवू लागले. एवढं करूनही १८६५ मध्ये त्याचं दिवाळं निघालं. शिळाछापाची रंगीत चित्रं स्वस्तात मिळू लागली होती. त्याचं काम किती सरस होतं हे आज कोणीही सांगेल, आणि तरी तो बुडाला. मला या खोलीतून बाहेर पडताना फार वाईट वाटलं.

त्या शिळाछापाचा कळस शेजारच्याच टेबलावर होता. ओवेन जोन्सचं ‘ग्रामर ऑफ ऑर्नमेंट’, १८५६, शंभर मोठी रंगीत पानं, छापणारे डे अँड सन. हे लोक स्वतःला ‘राणीचे शिळामुद्रक’ म्हणवत. यातली हिंदुस्थानी नक्षीची पानं अवश्य पाहावीत.

म्युझियमच्या कॅफेत रंगीत टाइल्सची जुनी दालनं आहेत. स्कोन आणि चहा घ्यावा, पाऊस थांबेपर्यंत कोणी उठवत नाही. प्रवेश मोफत, अभ्यासिकेसाठी मात्र आधी नोंदणी लागते.

गुरुवार : ऑक्सफर्ड

रेडिंगहून ऑक्सफर्डची गाडी रद्द झाली, पुढची तासाभराने आली. भेटीच्या वेळा पाळायच्या असतील तर एक गाडी आधीची धरावी.

ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या बॉडलियन लायब्ररीचा वाचक होताना एक प्रतिज्ञा मोठ्याने वाचावी लागते. त्यात इथे आग आणणार नाही, पेटवणार नाही, असंही म्हणावं लागतं. परदेशी वाचकांना मातृभाषेत घेता यावी म्हणून तिची कितीतरी भाषांतरं करून ठेवली आहेत. ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा न्यायला विसरू नका.

इथला जॉन जॉन्सन संग्रह मी जन्मभर विसरणार नाही. जॉन्सन हा १९२५ ते १९४६ या काळात ऑक्सफर्ड विद्यापीठाचा मुद्रक होता. लोक जे टाकून देतात ते त्याने जमवलं : तिकिटं, पाकिटं, कार्डं, बिलं. आज हा संग्रह पंधरा लाखांहून मोठा आहे. छापखान्यांच्या पेट्या मागवल्या आणि दुपार कधी झाली कळलं नाही.

कार्डं समोर मांडली की त्यांची भाषा कळू लागते. जुन्या कार्डांवर तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली बारीक, लपेटदार अक्षरं. मग खिळ्यांचा बाजार : एका कार्डावर दहा ओळी आणि दहाही ओळी वेगळ्या टाइपात. आजच्या डोळ्याला गोंधळ वाटेल, पण गिऱ्हाइकाला त्यातून कळायचं की या माणसाकडे खिळ्यांच्या केशी, म्हणजे खिळे ठेवायचे कप्प्यांचे खण, भरपूर आहेत. मग बिलाच्या डोक्यावर कारखान्याचं चित्र : चार मजले, शेकडो खिडक्या, धुराडी, दारात घोडागाड्यांची रांग. चित्रकाराने रस्ता रुंद केला आहे, शेजारची घरं काढून टाकली आहेत आणि माणसं मुंगीएवढी ठेवली आहेत. बघणाऱ्याला दबून जायला व्हावं हाच बेत. शतकाच्या शेवटी हे सगळं ओसरत जातं. मोकळा कागद, दोन रंग, एक टाइप. जितका छापखाना नामांकित, तितका कार्डावरचा मजकूर कमी.

चहाच्या वेळी तिथल्या एका निवृत्त जुळाऱ्याशी गप्पा झाल्या. ते हाताच्या जुळणीवर शिकलेले. मी विचारलं, या कार्डांवर मालकाचं नाव आहे, पत्ता आहे, पदकं आहेत, पण जुळणाऱ्याचं नाव कुठे? ते म्हणाले, “आम्ही ते हाताच्या वळणावरून ओळखायचो. जागा सोडण्यात माणूस दिसतो.” अगदी खरं आहे. माझ्याकडचे दोन जुळारी एकच लग्नपत्रिका करायचे, पण कोणती कोणाची ते मला पाहताक्षणी कळायचं.

त्यांनीच १८७७ ची गोष्ट ऐकवली. कॅक्स्टनच्या छपाईला चारशे वर्षं झाली म्हणून लंडनला मोठा सोहळा झाला. ३० जूनला मध्यरात्रीनंतर ऑक्सफर्डच्या छापखान्याने बायबल छापायला घेतलं. हजारावर पानांच्या फक्त शंभर प्रती. ताव वाळवून रेल्वेने लंडनला गेले, तिथे बांधणी झाली आणि दुपारी पुस्तक साउथ केन्सिंग्टनला समारंभात माजी पंतप्रधान ग्लॅडस्टनच्या हातात. छपाई आणि बांधणी मिळून बारा तास! आणि ही गोष्ट त्यांनी पुस्तकातच छापली. खिळे आधीपासून जुळवून ठेवलेले होते हे खरं, तरी ओली शाई, कोरडा कागद, दुमडणं, शिवणं, कातडी बांधणी हे सगळं बारा तासांत करणाऱ्या माणसांना मी इथून नमस्कार करतो.

बॉडलियनच्याच आवारात जुन्या हातछपाईच्या यंत्रांची कार्यशाळा आहे. तिथल्या विद्यार्थिनीने आल्बियन प्रेसचा दांडा माझ्या हाती दिला. शाई लावली, ताव ठेवला, दांडा ओढला. दाब पूर्ण बसल्याचं मनगटाला जे कळतं, ते तसंच कळलं. सौ.ने फोटो काढला. ही कार्यशाळा सर्वांसाठी ठरावीक दिवशी असते, वेळापत्रक पाहून जावं.

कव्हर्ड मार्केटमध्ये गरम कुकीज खाल्ल्या, लेकीसाठी बांधून घेतल्या.

शनिवार : रेडिंग

लेक म्हणाली, “बाबा, तुमचा छापखाना माझ्या गावात बिस्किटांच्या डब्यांवर आहे, बघा तर.” सकाळी पोह्यांचा नाश्ता करून तिघं रेडिंग म्युझियमला गेलो. हंटली अँड पामर्सच्या बिस्किटांमुळे हे गाव जगभर ओळखलं गेलं. डब्यांचं स्वतंत्र दालन आहे, प्रवेश मोफत.

कागद शाई पितो, पत्रा पीत नाही. त्यावर रंगीत चित्र उमटवायचं कसं? १८७५ मध्ये रॉबर्ट बार्कले याने यावर पेटंट घेतलं : दगडावरचं चित्र थेट पत्र्यावर घेण्याऐवजी आधी मधल्या सिलिंडरवर घ्यायचं आणि तिथून पत्र्यावर. मी तीस वर्षं ज्या ऑफसेटवर पोट भरलं त्याचं हे मूळ, आणि ते बिस्किटाच्या डब्यावर जन्मलं. रेडिंगच्याच हंटली, बूर्न अँड स्टीव्हन्स या डबे बनवणाऱ्या कंपनीने हे तंत्र वापरलं. पुस्तकांच्या चळतीसारखा डबा, टोपलीसारखा डबा, चौकटी, फुलं, सोनेरी कडा. बिस्किटं संपली तरी डबा घरात राहायचा, त्यात बटणं, दोरे, पत्रं. एका डब्यावर तळाच्या कडेला डबा बनवणाऱ्याचं नाव इतक्या बारीक खिळ्यात आहे की लेकीने मोबाइलने मोठं करून वाचून दाखवलं.

संध्याकाळी केनेट नदीकाठी पबमध्ये जेवलो. सौ.ने भाज्यांचा पाय मागवला, मी फिश अँड चिप्स. नऊ वाजेपर्यंत उजेड होता.

परत आल्यापासून एका कामाला लागलो आहे. नाशिक, पुणे, मुंबईच्या जुन्या छापखान्यांची बिलं, भेटकार्डं, टाइपांची नमुना-पुस्तकं, गिऱ्हाइकांना वाटलेल्या दिनदर्शिका यांचे फोटो जमवतो आहे. कोणाच्या घरी, माळ्यावर, जुन्या हिशेबाच्या वह्यांत असे कागद असतील तर रद्दीत घालू नका. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, तळाची मुद्रकाची ओळ नीट दिसेल असे, आणि मला पाठवा.